पाकिटात काय आहे?



राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात अलीशा संदेष्ट्याची एक छोटी गोष्ट आहे. प्रवचनात ती फारशी ऐकायला मिळत नाही. देशात दुष्काळ पडलेला असतो. गिलगाल येथे संदेष्ट्यांचे शिष्य अलीशासमोर बसलेले असतात. मोठे भांडे चुलीवर चढवून यांच्यासाठी कालवण कर, असे तो आपल्या सेवकाला सांगतो. त्यांच्यातला एकजण भाजी शोधायला रानात जातो. त्याला एक रानवेल दिसते. तिची फळे तो ओटीभरून आणतो, चिरतो आणि भांड्यात टाकतो. ती कसली फळे आहेत हे तिथे कोणालाच ठाऊक नसते. पाने वाढली जातात, पहिला घास तोंडात जातो आणि जेवणारे घाबरून ओरडतात की हे जेवण जिवावर बेतणारे आहे.

फळे आणणारा माणूस दुष्ट नव्हता. दुष्काळात स्वतःचे पाय झिजवून तो इतरांसाठी रानात गेला होता. पवित्र शास्त्र त्याला एका शब्दानेही दोष देत नाही. पण त्याच वेळी, बिचाऱ्याने एवढ्या कष्टाने आणले आहे तेव्हा गुपचूप खा, असेही तिथे कोणी म्हणत नाही. जेवण थांबते. भांड्यात काय आहे ते मोठ्याने सांगितले जाते. अलीशा भांड्यात पीठ टाकतो आणि ते अन्न खाण्याजोगे होते. ते पीठ आपल्यापाशी नाही, म्हणून ओरडण्यापर्यंतचा भागच आपल्या वाट्याला येतो.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण आपल्याच घरातले आहे. नाताळाच्या आधीच्या रविवारी चर्चच्या आवारात आपण स्टॉल लावला होता. त्यावर मधाच्या बाटल्या होत्या, हातसडीचे तांदूळ होते आणि हिरड्याच्या चूर्णाची साठ पाकिटे होती. (पत्रिकेचे काम पाहणारे आणि स्टॉलवर उभे राहणारे हात आपल्या धर्मग्रामात बहुधा तेच असतात, म्हणून इथे ‘आम्ही’ म्हणजे कोण हे वेगळे सांगायला नको.) हिरडा उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून घेतला होता. तो चांगला, खडखडीत वाळलेला होता. नंतर ते पोते आम्ही सभागृहामागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले. त्याच्यावरून एक अख्खा पावसाळा गेला. नोव्हेंबरात त्यातला निम्मा हिरडा कांडपाच्या गिरणीतून दळून आणला, पाकिटे भरली आणि वर चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर लिहिले होते, ‘१०० टक्के नैसर्गिक. कोणताही अपाय नाही.’ साठही पाकिटे दोन तासांत संपली आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या निधीत चांगली भर पडली.

जानेवारीत उरलेले पोते उपसले तेव्हा तळाशी, भिंतीच्या बाजूला, हिरवट-पांढरी बुरशी दिसली.

दळलेल्या भागात ती होती का? वरवरचा हिरडा आधी काढला होता, म्हणून कदाचित नसेलही. पण दळताना निवडून पाहिले होते का, असे एकमेकांना विचारले तेव्हा कोणीच उत्तर दिले नाही. साठवणीतल्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक असते, चवीला कळत नाही आणि घरच्या चुलीच्या आचेने नाहीसे होत नाही. आमच्या पोत्यात ते होतेच असे आम्ही म्हणत नाही. नव्हतेच, असे म्हणण्याचा अधिकारही आम्हाला नाही. आणि तरीही ‘कोणताही अपाय नाही’ हे वाक्य आम्हीच आमच्या हाताने साठ वेळा लिहिले होते.

स्टॉलवरचा आणखी एक प्रसंग मनातून जात नाही. एका तरुण आईने पाकीट हातात घेऊन विचारले होते, “बाळाला गुटीत चालेल ना?” आमच्यातून उत्तर गेले, “चालेल की, नैसर्गिकच आहे.” तिने शेजारची मधाची बाटलीही घेतली. तिचे बाळ तेव्हा पाच महिन्यांचे होते.

‘नैसर्गिक’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! जणू देवाने निर्माण केलेली प्रत्येक वस्तू प्रत्येकाच्या पोटात, कोणत्याही मापाने जावी म्हणूनच निर्माण केली आहे. बचनाग नैसर्गिक आहे. कुचला, धोतरा नैसर्गिक आहेत. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले तर काय होते हे आपल्या खेड्यांतल्या पोरालाही माहीत असते. आपल्या रोजच्या दुधी भोपळ्याचेच पाहा. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीचा कडू रस प्यायल्याने मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिने कडू लागणारा दुधीचा रस पिऊ नये असे बजावले. अलीशाच्या भांड्यातली फळेही वेलीचीच होती, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. सिराखच्या ग्रंथात, अडतिसाव्या अध्यायात, परमेश्वराने औषधे भूमीतून उत्पन्न केली असे सांगितले आहे. पण त्याच अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे आणि औषध तयार करणाऱ्याच्या कामाचाही उल्लेख आहे. वनस्पती देवाची आहे. तिचे मिश्रण करणारा हात माणसाचा आहे, आणि जबाबदारी त्या हाताची आहे.

मधाचेही तसेच. मधात कधीकधी एका जिवाणूचे बीजाणू सुप्त स्थितीत असतात. मोठ्या माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात आणि त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. म्हणून बारा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचे बोटही चाटवू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. यात भेसळीचा प्रश्नच नाही. मध कितीही शुद्ध असो, भीमाशंकरच्या रानातला असो की बाजारातला, हा धोका तसाच राहतो. शुद्ध असणे आणि निर्धोक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

इथे कोणी म्हणेल, आणि सभेत एका ज्येष्ठ मावशींनी म्हटलेही, “आमच्या आजीने आम्हाला गुटीवरच वाढवले. हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, सगळे उगाळून दिले. आम्ही काय मेलो?” मावशींचा आदर राखून सांगावेसे वाटते की जे दगावले ते सभेला येऊन बोलू शकत नाहीत. त्या काळी कितीतरी घरांत पाळणे रिकामे झाले आणि त्यामागचे कारण कोणी शोधले नाही. वेखंडाचेच सांगायचे तर त्यातल्या एका घटकावरून अमेरिकेत १९६८ साली ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी झाली.

तरीही मावशींच्या बोलण्यात एक मोठे सत्य आहे. ते असे, की आजीला खूप काही माहीत होते. सहाणेवर हिरड्याचे किती वळसे द्यायचे आणि जायफळाचा एकच का, हे तिला ठाऊक होते. बाळाला जुलाब होत असतील तर काय वगळायचे हेही ठाऊक होते. हिरडा ती अख्खा आणायची. उन्हात धरून पाहायची, दोन हिरडे एकमेकांवर आपटून आवाज ऐकायची, किडका असेल तर फेकून द्यायची. औषध हिरड्यात जेवढे होते तेवढेच तिच्या नजरेत होते.

आपण हिरडा दळला तेव्हा नेमके काय केले? ती नजर काढून घेतली. अख्खा हिरडा विकत घेणारी बाई तो पारखू शकते. चूर्ण घेणारी काहीही पारखू शकत नाही. बुरशीचा डाग, कीड, दुसऱ्याच झाडाचे फळ, गिरणीत आधी दळलेल्या मिरचीचा अंश, सारे त्या बारीक पिवळट भुकटीत एकजीव होते. तेव्हा जो दळतो, पाकीट भरतो आणि तोंड बंद करतो, त्याने गिऱ्हाइकाचे डोळे स्वतःकडे ठेवून घेतलेले असतात. पुढे पाहण्याचे काम त्यालाच करावे लागते. आम्ही डोळे ठेवून घेतले आणि पाहिले मात्र नाही. आमच्या चुकीचे मूळ आम्हाला इथे सापडते.

ही नजर हरवली की काय होते याचे एक उदाहरण बेल्जियममध्ये घडले. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ब्रुसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करण्यासाठी आलेल्या स्त्रियांना चिनी वनस्पतींची पावडर देण्यात आली. दोन निरनिराळ्या मुळ्यांची चिनी नावे जवळजवळ सारखी होती, एक ‘फांग जी’ आणि दुसरी ‘ग्वांग फांग जी’. एकीच्या जागी दुसरी गेली. त्या दुसऱ्या मुळीने शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली. कित्येकींना डायलिसिसवर जावे लागले, आणि पुढे काहींना कॅन्सर झाला. १९९३ मध्ये डॉक्टरांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. चीनमध्ये मुळी खणणाऱ्यापासून ब्रुसेल्समध्ये गोळी हाती देणाऱ्यापर्यंत किती हात लागले असतील! प्रत्येकाने मागच्यावर भरवसा ठेवला. आपल्या गुटीतही अतिविष असते, आणि अतिविष व जहरी बचनाग एकाच कुळातले आहेत. अतिविष महाग आहे. ते उगाळून बाळाला देणाऱ्या किती घरांना हा फरक ओळखता येईल?

याच्या उलट, ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. नाणेघाट उतरून खाली गेले की ठाणे जिल्ह्याच्या बाजारांत पावसाळ्याच्या तोंडावर आदिवासी बाया शेवळे विकायला बसतात. शेवळे नीट शिजवली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका. म्हणून त्या बाया शेवळाच्या जुडीबरोबर काकडाची आंबट फळेही देतात, कारण ती घातल्याने खाज मरते. गिऱ्हाईक शहरातले असेल तर कसे निवडायचे, कसे शिजवायचे तेही सांगतात. त्यांच्यापाशी ना छापील चिठ्ठी असते ना परवाना. पण वस्तूचा धोका आणि त्यावरचा उतारा, दोन्ही त्या एकाच टोपलीतून विकतात. आम्ही छापील चिठ्ठीवर धोका नाही असे लिहिले.

आता जबाबदारी कोणाची? सभेत कोणीतरी लगेच म्हणाले की माल देणाऱ्यालाच विचारले पाहिजे. हे ऐकून आम्हाला वाईट वाटले. घाटघर, अंजनावळे, हातवीजपासून आहुपेपर्यंतच्या डोंगरपट्ट्यातली महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात. उंच झाडावर चढून फांद्या झोडपायच्या, खाली पडलेला हिरडा वेचायचा, अंगणात पसरून वाळवायचा, वळवाची चाहूल लागली की धावत गोळा करायचा. वर्षातला रोख पैसा पुष्कळ घरांत यातूनच येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यातल्या हिरड्याची मोठी हानी झाली आणि भरपाईसाठी या लोकांना आंदोलने करावी लागली. हिरडा हे यांचे पीक आहे, हे सरकारदरबारी पटवून देण्यातच त्यांची शक्ती खर्च झाली.

आणखी एक साधा हिशेब आहे. हिरडा जितका अधिक वाळतो तितका वजनाला कमी भरतो. जो माणूस दोन दिवस जास्त ऊन देतो त्याच्या पोत्यातून किलो-दोन किलो उडून जातात. घेणारा जर ओल्या आणि सुक्या मालाला एकच भाव देत असेल, तर प्रामाणिकपणे वाळवणाऱ्याला तो दंडच झाला. मग त्याच मालाला बुरशी आली की बोट कोणाकडे दाखवायचे? आमोस संदेष्ट्याने खोटा तराजू वापरणाऱ्या आणि भुसकट विकणाऱ्या व्यापाऱ्यांना झोडपले होते. तराजू खरा असूनही भाव खोटा असू शकतो, हे त्याला कोणी दाखवले असते तर त्यावरही तो बोलला असता असे वाटते. आपल्या बाबतीत तर प्रश्नच उरत नाही. त्या कुटुंबाने माल वाळलेलाच दिला होता. सिमेंटच्या ओल्या भिंतीला तो आम्ही टेकवला. साखळीच्या तळाशी जो आहे त्याच्याकडे ज्ञान कमी नसते, पण पैसा आणि पर्याय कमी असतात. आपण पाकीट भरणारे. भाव ठरवणे आमच्या हातात होते, नफाही आमच्याकडे आला, आणि चिठ्ठीवर लिहिणारी लेखणीही आमचीच होती. जबाबदारीही त्याच मापाने आमच्याकडे यायला हवी.

“पण आपण केवढे? साठ पाकिटे!” हाही मुद्दा निघाला. लहान धंदेवाल्यांची ही अडचण खरी आहे, आणि आपल्या धर्मग्रामात असे कितीतरी जण आहेत. कोणी मसाले करते, कोणी लोणची, कोणी केसांचे तेल. प्रयोगशाळेची फी साठ पाकिटांच्या नफ्याहून जास्त होते. कायद्यालाही हे कळते. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा २०११ पासून लागू झाला, तेव्हा बारा लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकाला परवान्याऐवजी साध्या नोंदणीची सोय ठेवली गेली. मात्र तेच चूर्ण ‘मूळव्याध बरी होते’ असे म्हणून विकले की ते औषध ठरते. मग त्याला १९४० च्या औषध कायद्याखालचा परवाना लागतो, आणि रोग बरे करण्याच्या खोट्या जाहिरातींसाठी १९५४ पासून वेगळा कायदा आहे. हे आम्ही वाचले, पण स्टॉल उठल्यानंतर.

लहान माणसाला मोठ्याइतके करता येत नाही, हे मान्य आहे. पण म्हणून त्याच्या पाकिटातून खाणारे बाळ लहान मोलाचे होत नाही. अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याभोवती कठडा बांधण्याची आज्ञा आहे, कोणी खाली पडून रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. घर लहान असेल तर कठड्याची सूट आहे असे तिथे म्हटलेले नाही. फार तर लहान घराचा कठडाही लहान लागतो. चूर्ण तपासायची ऐपत नसेल तर चूर्ण विकू नये, अख्खा हिरडा विकावा. घेणारीचे डोळे तिच्याकडेच राहू द्यावेत. पोते फळीवर ठेवायला किती खर्च येतो? पाकिटावर तारीख घालायला? बाळासाठी विचारणाऱ्या आईला “डॉक्टरांना विचार, बाई” एवढे सांगायला तर काहीच लागत नाही.

आपला भाग या बाबतीत अजाण आहे असेही नाही. जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागायतदारांना विचारा. युरोपात द्राक्षे पाठवायची तर बागेची नोंदणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि पेटीवरून ती कोणत्या बागेतली हे शोधता येते. २०१० साली महाराष्ट्राच्या द्राक्षांत वाढनियंत्रक औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला तेव्हा माल अडकला आणि बागायतदारांना व निर्यातदारांना मोठा फटका बसला. त्यानंतर काळजी आणखी वाढली. हे चांगलेच झाले. पण मनात येते, हॉलंडमधल्या मुलाच्या हातातल्या घडाला आपल्या शिवाराचा पत्ता आहे, आणि आपल्याच शेजारच्या बाळाच्या गुटीतल्या मुळीला कसलाच पत्ता नाही.

पत्त्यावरून आठवले. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत सातवाहन काळाच्या आसपासचे शिलालेख आहेत. त्यांतला एक सांगतो की सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दान दिले. श्रेणी म्हणजे त्या धंद्यातल्या लोकांचा संघ. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींचाही तिथे उल्लेख आहे. त्यांच्याकडे लोक विश्वासाने पैसे ठेवत. दोन हजार वर्षांपूर्वी या गावातल्या दाणेवाल्यांना आपल्या धंद्याचे नाव दगडात कोरायला संकोच वाटला नाही. आमच्या पाकिटावर ना नाव होते, ना तारीख, ना हिरडा कोणत्या गावचा हे. दान देताना नाव घालणे सोपे असते, हेही खरे.

राहिला न कळून झालेल्या चुकीचा प्रश्न. आम्हाला माहीत नव्हते, मग आमचे पाप कोणते? हा प्रश्न आम्ही आमच्या धर्मगुरूंपुढे ठेवला. त्यांनी संत थॉमस अक्वायनस यांचा विचार समजावून सांगितला. तेराव्या शतकातल्या या संताने खरेदी-विक्रीवर तपशीलवार लिहिले आहे. लंगडा घोडा धावरा म्हणून विकणे, पडके घर मजबूत म्हणून विकणे, सडलेले वा विषारी अन्न चांगले म्हणून विकणे, अशी थेट बाजारातली उदाहरणे त्यांनी घेतली आहेत. त्यांचे म्हणणे असे, की विकणाऱ्याला दोष ठाऊकच नसेल तर विकण्याच्या क्षणी त्याने पाप केले नाही. पण दोष कळला की त्या क्षणापासून गिऱ्हाइकाची भरपाई करणे त्याच्यावर बंधनकारक होते. दुसरे, जे जाणून घेणे आपले कर्तव्यच होते ते न जाणणे ही सबब होत नाही. कॅटेकिझममध्ये सातव्या आज्ञेखाली, चोरीच्या निरनिराळ्या रूपांबरोबर, वाईट रीतीने केलेल्या कामाचाही समावेश आहे. वाईट काम म्हणजे चोरी, असे आपण एरवी कधी मनात आणतो का? आम्ही तरी आणले नव्हते.

डिसेंबरात आम्हाला कळले नव्हते. ते कर्तव्य होते का? पोते पावसाळाभर ओलीत होते हे दिसत होते, तेव्हा होय, होते. जानेवारीत तर कळलेच. आणि तरीही, हे कबूल करायला जड जाते, त्यानंतर तीन आठवडे आम्ही गप्प होतो. लोकांचा विश्वास जाईल, पुढच्या सणाला कोणी काही घेणार नाही, त्या आदिवासी कुटुंबाचे नाव उगाच खराब होईल, अशी कारणे निघाली. शेवटचे कारण सर्वांत उदात्त वाटत होते, आणि ते सर्वांत खोटे होते. त्यांचा दोष नाही एवढे एक वाक्य बोलले की ते नाव स्वच्छ राहणार होते. खरे कारण साधे होते. आम्हाला लाज वाटत होती.

मग आम्ही घरोघर गेलो. लहान असण्याचा एक फायदा इथे कळला. मोठ्या कंपनीला वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. आम्हाला कोणी काय घेतले हे बरेचसे आठवत होते. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशी दोन रविवारची पायपीट झाली आणि अडतीस पाकिटे परत मिळाली. त्या तरुण आईकडे प्रथम गेलो. तिने चार दिवस मधातून चूर्ण चाटवले होते, मग बाळ तोंड वाकडे करते म्हणून सोडून दिले. बाळ ठणठणीत आहे, देवाचे आभार. ती रागावली नाही. तिने फक्त एवढेच विचारले, “मी विचारलं होतं ना तुम्हाला?”

बावीस पाकिटे अजून बाहेर आहेत. नाताळासाठी बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनी ती नेली असावीत. आपल्या घरून कोणाकडे गेले असेल तर कृपया त्यांना आजच फोन करा. पाकीट पांढऱ्या प्लास्टिकचे असून वर हिरव्या कागदाची चिठ्ठी पिनने लावलेली आहे. अर्धे वापरलेले असले, फाटलेले असले तरी घेऊन या. पूर्ण पैसे परत मिळतील. कोणी ते बाळाला दिले असेल तर न घाबरता डॉक्टरांना दाखवा आणि काय दिले ते स्पष्ट सांगा. मधाच्या बाटल्या परत करण्याची गरज नाही, पण एक वर्षाखालील बाळाला त्यातला मध देऊ नका. उरलेले पोते आम्ही खड्डा करून पुरले आहे. पुढचे चार रविवार सकाळच्या मिस्सानंतर सभागृहाच्या दाराशी टेबल मांडलेले असेल, आणि त्या टेबलाशी आम्हीच बसलेले असू.